उत्क्रांती : प्रवरा खोऱ्यातील पुरावे

सजीवांच्या आनुवंशिक गुणांत पिढ्यान्‌पिढ्या होत जाणारा बदल, आणि त्यातून जुन्या जातींपासून नव्या जाती निपजण्याची प्रक्रिया, म्हणजे उत्क्रांती. एकाच जातीच्या जीवांत थोडाफार फरक असतोच. तो पिलांत उतरतो. जगतील त्याहून जास्त पिले जन्मतात, आणि त्या हवापाण्यात ज्यांचे गुण उपयोगी पडतात त्यांचा वंश वाढतो. ही नैसर्गिक निवड. चार्ल्स डार्विन व आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी ती १८५८ मध्ये मांडली. बदलतो तो कळप, एकटा प्राणी नव्हे. ‘माकडाचा माणूस झाला’ हे चावडीवरचे वाक्यही सैल आहे : दोघांचे पूर्वज एक, एवढेच शास्त्र म्हणते.

पृथ्वीवर जीवसृष्टी निदान ३५० कोटी वर्षे आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात मात्र या काळाचा बहुतेक भाग जमिनीत सापडायचा नाही. इथला काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. अकोले तालुक्यातले १,६४६ मीटरचे कळसूबाई शिखरही त्याचेच. तापलेल्या लाव्ह्यात हाडे टिकत नाहीत. डायनोसॉरचे अवशेष पाहायचे तर चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला जावे. डायनोसॉर संपले तेही याच सुमारास; त्यात मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा वाटा किती आणि दख्खनच्या लाव्ह्यातून निघालेल्या वायूंचा किती, यावर वाद आहे.

नगरचा खरा पुरावा नद्यांच्या जुन्या गाळात आहे. नेवासे येथे डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५४-५६ मध्ये उत्खनन केले. प्रवरेच्या वाळू-गोट्यांच्या घट्ट थरांतून अश्मयुगीन हत्यारे मिळाली. मध्य पुराश्मयुगातल्या लहान, तासणीसारख्या हत्यारांच्या परंपरेला पुढे ‘नेवासियन’ हेच नाव पडले. जवळच चिरकी नाल्याकाठी गुद्रुन कॉर्व्हिनस यांना त्याहून जुन्या, बेसाल्टच्या हातकुऱ्हाडी सापडल्या. दोन्ही अंगांनी कपच्या उडवून टोक काढलेला हा दगड मुठीत धरून वापरायचा. नेवाशाच्या या जुन्या थराचे वय साडेतीन लाख वर्षांहून अधिक काढले गेले आहे. आपल्या जातीचे, म्हणजे होमो सेपियन्सचे, सर्वांत जुने ज्ञात अवशेष सुमारे ३ लाख वर्षांचे आणि तेही आफ्रिकेतले. तेव्हा प्रवरेकाठचे हे कारागीर आपल्याआधीच्या मानवजातीचे असणार. भारतात अशा मानवाच्या कवटीचा तुकडा मिळाला तो १९८२ मध्ये, नर्मदेकाठी हथनोरा येथे.

हत्यारांइतकेच मोलाचे आहेत ते गुरांचे जीवाश्म. गोदावरी-प्रवरेच्या गाळात बॉस नमॅडिकस हा नामशेष रानबैल मिळतो. वशिंडाच्या देशी गुरांचा वंश याच रानबैलापर्यंत जातो, असे मानले जाते. सिंधू खोऱ्याच्या परिसरात ही गुरे माणसाळली, आणि इथून पुढे निवड नुसत्या निसर्गाच्या हाती राहिली नाही. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या. त्यांतल्या रथाला दोन बैल जुंपलेले आहेत.

याच वंशातले आजचे उदाहरण म्हणजे अकोल्याच्या डोंगराळ, मुसळधार पावसाच्या पट्ट्यातले डांगी जनावर. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव झिरपतो, त्यामुळे अंगावर पाणी ठरत नाही. खूर काळे नि कठीण, भातखाचरांच्या चिखलात आणि कातळावर झिजत नाहीत. पावसात तगली ती जनावरे वाढली, आणि त्यांतून शेतकऱ्यांनी कामाची निवडून पैदाशीसाठी ठेवली. निसर्गाची निवड कुठे संपली आणि माणसाची कुठे सुरू झाली, हे डांगीकडे पाहून सांगता येत नाही. डार्विनने उत्क्रांतीवरच्या आपल्या ग्रंथाची सुरुवात पाळीव प्राण्यांपासून केली ती उगाच नव्हे. संगमनेरी शेळी ही जिल्ह्यातली आणखी एक नामांकित जात. तिथे दूध आणि मांस पाहून केलेली माणसाची निवडच ठळक दिसते.