भरड दळण आणि कार्बनच्या नळ्या

मंडळी, पेण-रोह्याच्या श्रोत्यांपुढे कार्बन नॅनोट्यूबचा विषय मांडायचा, तर सुरुवात पैसेवारीपासून करू. पूर्वी तिला आणेवारी म्हणत. गावातल्या काही शेतांतलं पीक बघायचं, ठरलेल्या प्रमाण पिकाशी ताडायचं आणि अख्ख्या गावाला एक आकडा द्यायचा. तो 50 पैशांच्या आत आला की टंचाई. आता पेणच्या खारेपाटातलं गाव घ्या. बांध फुटला, खाडीचं पाणी शिरलं, खारजमीन गेली. त्याच गावात वरच्या अंगाचं भात उभं आहे. पैसेवारी दोघांना एकच. हा आकडा टंचाई ठरवायला काढलेला असतो. अमुक एका शेतकऱ्याच्या घरात किती भात आलं, हे तो सांगू शकत नाही.

संगणकावर पदार्थाचं भरड मॉडेल करतात, तेही असंच. शंभर अणूंचं मिळून एक गाव करायचं आणि त्याला एक मणी म्हणायचं. इंग्रजी नाव कोअर्स-ग्रेन्ड, आपल्या जात्याच्या भाषेत भरड दळण. ही युक्ती नॅनोट्यूबपेक्षा जुनी आहे. लांब साखळीच्या रेणूंसाठी राउसने 1953 मध्ये मणी आणि स्प्रिंगांची माळ मांडली. लेव्हिट आणि वॉर्शेल यांनी 1975 मध्ये प्रथिनाची घडी अशाच भरड रूपात संगणकावर घालून पाहिली. पुढे 2013 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या दोघांना, कारप्लस यांच्यासह, मिळालं.

नळ्यांचं म्हणाल, तर 1991 मध्ये जपानच्या सुमिओ इजिमांचा निबंध आला आणि जग त्यांच्या मागे लागलं. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकचा परम 8000 तयार झाला, हा निव्वळ योगायोग. पवईच्या आयआयटीत महेश्वर शरण आणि त्यांचे सहकारी नव्वदीच्या दशकात कापरापासून कार्बनचे सूक्ष्म प्रकार करत होते. 2003 मध्ये मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी जपानमधून कापरापासून नॅनोट्यूब केल्याचं प्रसिद्ध केलं. आरतीचा कापूर कुठे पोचला बघा!

पण करणं वेगळं आणि मोजणं वेगळं. सर्वांत बारीक नळ्यांपैकी एक (5,5) नावाची, व्यास जेमतेम 0.7 नॅनोमीटर. तिचा एक मायक्रॉनचा तुकडा घेतला तरी अणू होतात 80 हजारांच्या वर. अणूंची थरथर पकडायला संगणकाचं पाऊल फेम्टोसेकंदाच्या आसपास ठेवावं लागतं. म्हणजे एका मायक्रोसेकंदासाठी शंभर कोटी पावलं, आणि तीही एकाच नळीसाठी. गुंता बघायचा तर नळ्या शेकड्यांनी हव्यात.

2006 मध्ये एमआयटीच्या मार्कुस ब्यूलर यांनी यावर तोडगा काढला. (5,5) नळीच्या दर 10 अँगस्ट्रॉमला एक मणी, एका मण्यात सुमारे 80 अणू. मायक्रॉनभर नळी एक हजार मण्यांत बसली. मग मण्यांना आकडे द्यायचे. ते त्यांनी अंदाजाने दिले नाहीत. आधी अणूंचं पूर्ण मॉडेल घेतलं, नळी ताणून पाहिली, वाकवून पाहिली, दोन नळ्या शेजारी ठेवून चिकटण्याची ऊर्जा काढली. मण्यांच्या माळेने तेच वागावं, असे स्थिरांक त्यावरून बसवले. वाकण्याचा आला 14,300 किलोकॅलरी प्रति मोल, प्रति वर्ग रेडियन.

रोह्याच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारलं, "सर, हेच आकडे मी माझ्या नळीला लावले तर?" तिची नळी दोन नॅनोमीटर व्यासाची होती. तेव्हा आम्ही घाईत अर्धवट उत्तर दिलं, ते आज पुरं करतो.

एकपदरी नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाबरोबर वाढतो. व्यास तिप्पट, तर विरोध सत्तावीसपट. जुना आकडा तसाच ठेवला तर पडद्यावर नळीऐवजी सुतळी दिसेल. मण्यांमधलं अंतर दुप्पट केलं तर ताणाचा आणि वाकण्याचा स्थिरांक निम्मा होतो, मण्याचं वस्तुमान दुप्पट होतं. एक बदललं की सगळं पुन्हा बसवायचं. इथे बरेच जण फसतात, कारण चुकीच्या आकड्यांवरही प्रोग्राम मुकाट्याने चालतो. चित्रंही देखणी येतात.

देखणी येवोत, बिघडतं काय? 2008 मध्ये एडिनबरोच्या डोनाल्डसन यांच्या गटाने उंदरांच्या पोटाच्या पोकळीत बहुपदरी नळ्या सोडून पाहिल्या. लांब, ताठ नळ्यांनी ॲस्बेस्टॉससारखी दाहाची लक्षणं दाखवली. आखूड किंवा गुंतून गोळा झालेल्या नळ्यांनी तशी दाखवली नाहीत. म्हणजे नळी सुईसारखी ताठ राहते की गुंडाळते, यावर कारखान्यात ती हाताळणाऱ्या माणसाची फुप्फुसं अवलंबून असू शकतात. आता बहुपदरी नळीला कुणी बारीक एकपदरीचा आकडा लावला, तर संगणक सांगेल, गुंडाळते. आणि ती मात्र सुई असेल.

मार्टिनी नावाचं दुसरं लोकप्रिय मॉडेल आहे, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचं. त्यात साधारण चार जड अणूंचा एक मणी. त्याचे आकडे मुख्यतः पदार्थ तेलात जातो की पाण्यात, यावरून बसवलेले. पेशीच्या आवरणाशी नळी कशी वागते हे बघायला ते सोयीचं. नळी किती ताणल्यावर तुटते, हे त्याला विचारू नये; कारण त्यासाठी ते बसवलेलंच नाही.

तर त्या विद्यार्थिनीने असं करावं. आपल्या नळीचा काही नॅनोमीटरचा तुकडा अणू-अणूंनिशी घ्यावा, ताणून आणि वाकवून बघावा. साध्या लॅपटॉपवर हे होतं. त्यावरून मणी बसवावे. मग बसवताना न वापरलेली एखादी गोष्ट, समजा नळीच्या कंपनाची वारंवारता, दोन्ही मॉडेलांत ताडून बघावी. जुळली नाही तर मण्यांमधलं अंतर कमी करून पुन्हा पहिल्यापासून. एवढ्याला आठवडा जाईल, कदाचित दोन. चला, आता प्रश्न घेऊ.