चरित्रलेखन व आत्मादर

पन्नाशी उलटली म्हणजे सुशिक्षित मनुष्यास आपल्या आयुष्याची हकीकत लिहून ठेवावी अशी इच्छा होऊं लागते. आम्हांसहि ती झाली. मुलानातवंडांना माहिती असावी, हें कारण आपण पुढें करतों. पण खरें कारण निराळें असतें. आपलें आयुष्य फुकट गेलें नाहीं अशी ग्वाही मनास हवी असते, आणि ती मिळविण्यासाठीं आपणच साक्षीदार व आपणच न्यायाधीश होऊन बसतों. अशा खटल्याचा निकाल काय लागावयाचा हें सांगावयास नको.

गेल्या उन्हाळ्यांत आम्हीं अमरावतीच्या विद्यार्थिदशेचें प्रकरण लिहून पुरें केलें. अभ्यास, वादविवादसभा, अंबादेवीच्या देवळाकडील फेरफटके आणि शेवटीं पहिला वर्ग, असा सरळ चढता क्रम त्यांत साधला होता. पुढें जुन्या पेटींत वडिलांनीं अकोल्याहून पाठविलेलें एक पोस्टकार्ड सांपडलें. "निकाल कळला. घरीं ये. कोणी रागावलेलें नाहीं." मधल्या एका वर्षीं आम्ही नापास झालों होतों! ती गोष्ट आम्हीं जाणूनबुजून लपविली नव्हती. लिहितांना ती आम्हांस आठवलीच नव्हती. स्मृति ही दरबारी बखरकारासारखी असते. धन्यास न रुचणारें पान ती गुपचूप काढून टाकते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यानें १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत आत्मादराचा एक अपूर्णांक मांडला आहे. यश हा त्याचा अंश व आपल्या अपेक्षा हा छेद. अर्थात् आत्मादर वाढविण्याचे मार्ग दोन: अंश वाढवावा किंवा छेद कमी करावा. आत्मचरित्रकार बहुधा पहिला मार्ग धरतो. आणि घडून गेलेलें यश वाढवितां येत नसल्यामुळें कागदावरचें वाढवितो. दुसऱ्या मार्गानें गेलेल्या चरित्रकाराचें उदाहरण आमच्या वऱ्हाडांतच आहे, व तें मराठी गद्याच्या अगदीं आरंभींचें आहे.

अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभाव पंथाचें तीर्थस्थान. चक्रधरस्वामींच्या पश्चात् त्यांचा शिष्यपरिवार नागदेवाचार्यांसह येथें गोविंदप्रभूंच्या सान्निध्यांत राहिला, आणि इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनीं 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. मराठींतील आद्य चरित्रग्रंथाचा मान त्यास आहे. म्हाइंभट हे मोठे शास्त्री. वादांत जिंकावें या अभिमानानें ते चक्रधरांकडे गेले आणि निरुत्तर झाले, असें पंथाची परंपरा सांगते. अशा पंडितानें पुढें लेखणी धरली ती आपल्या हरलेल्या वादाची सारवासारव करण्यासाठीं नव्हे. ज्यांनीं स्वामींस पाहिलें होतें त्यांना गांठून त्यांनीं आठवणी गोळा केल्या. स्वामी कोठें बसले, कोणाशीं काय बोलले, हें जसें ऐकलें तसें टिपलें. महदाइसेचे चिकित्सक प्रश्न, शिष्यांचे रुसवे, लहानसहान चुका, सारें साध्या नित्याच्या मराठींत आलें. एकच प्रसंग दोन साक्षीदारांनीं निराळा सांगितल्याच्या नोंदीहि पोथ्यांतून आढळतात. शास्त्रार्थांत एकच मत खरें ठरविण्यास सोकावलेल्या मनुष्यानें दोन्ही सांगण्यांस जागा द्यावी, हा आम्हांस त्याचा खरा विजय वाटतो. छेद लहान झाला आणि मनुष्य मोठा झाला.

अमरावतीचेच प्रसिद्ध वकील व टिळकांचे निकटचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांनीं निराळा उपाय योजिला. ते इंग्रजींत रोजनिशी ठेवीत. डिसेंबर १९११ पासून मार्च १९१२ पर्यंत ते शिर्डीस राहिले होते. त्या दिवसांतल्या नोंदींत हा नामांकित पुढारी साईबाबांच्या भोंवतीं बसणाऱ्या अनेकांपैकीं एक म्हणून दिसतो. त्या त्या दिवशीं लिहून ठेवलेल्या नोंदीवर स्मृतीस मागाहून रंग चढवितां येत नाहीं.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, अपेक्षा कमी करण्याचा हा उपदेश प्रतिष्ठितांस ठीक आहे. ज्यांच्या आयुष्यास समाजानें शून्य किंमत दिली त्यांनीं काय करावें? आक्षेप रास्त आहे. १९१२ सालीं अकोल्यास भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष हरि नारायण आपटे होते. त्यांनीं 'पण लक्षांत कोण घेतो!' या कादंबरींत यमूची कर्मकहाणी तिच्याच तोंडून वदविली. जिचें कोणी ऐकत नव्हतें तिला त्यांनीं 'मी' हा शब्द दिला. पुढें १९७८ सालीं दया पवारांचें 'बलुतं' निघालें. आणि योगायोग असा कीं, वि. भि. कोलते यांनीं संपादिलेलें 'लीळाचरित्र' हि त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें. पवारांनीं अपमान झांकले नाहींत व स्वतःचें दुबळेपणहि झांकलें नाहीं. अशा लेखकास छेद कमी कर म्हणून सांगणें क्रूरपणाचें होईल. मनुष्य म्हणून मान मिळावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. तथापि म्हाइंभट अहंकार सोडून, आणि पवार अवहेलना सोसून, ज्या ठिकाणीं पोंचले तें ठिकाण एकच: घडलें तसें सांगणें. चारचौघांसमोर खरें सांगूनहि आपण मोडलों नाहीं, या अनुभवानें जो आत्मादर येतो तो टिकाऊ असतो.

आम्हीं तें प्रकरण पुन्हा लिहिलें व पोस्टकार्ड त्याच्या आरंभीं चिकटविलें. यंदा ज्याचा निकाल मनासारखा लागला नाहीं तो आमचा धाकटा मुलगा एका संध्याकाळीं ती वही चाळीत बसला होता. बराच वेळ गप्प राहून त्यानें विचारलें, "बाबा, मग घरीं गेल्यावर आजोबा काय म्हणाले?" आम्हांस वाटत होतें कीं हा प्रश्न आपणांस जड जाईल. तसें झालें नाहीं. वही बाजूस ठेवून आम्ही त्याच्याजवळ बसलों आणि त्या दिवसाची सारी हकीकत त्यास सांगितली.