परदेशी विद्यार्थी आणि त्यांचे सोबती : विद्यार्थी-स्वयंसेवेचा एक दुर्लक्षित इतिहास

प्रस्तावना

परदेशी विद्यार्थ्यांचा विषय निघाला की आपण प्रवेश, शुल्क, व्हिसा आणि शिष्यवृत्ती यांविषयी बोलतो. या साऱ्यांची कागदपत्रे असतात, म्हणून त्यांचा इतिहासही लिहिता येतो. परंतु नव्या गावात उतरलेल्या मुलाला पहिल्या रात्री खोलीपर्यंत कोणी पोहोचविले, ताप आला तेव्हा त्याच्या उशाशी कोण बसले, याची नोंद सहसा कोणत्याही रजिस्टरात होत नाही. उर्दूत विद्यार्थ्याला ‘तालिब-ए-इल्म’ म्हणतात, म्हणजे विद्येचा शोध घेणारा. हा शोध घेणारा पुष्कळदा मुसाफिरही असतो. अशा मुसाफिराला घरांनी, संस्थांनी आणि विशेषतः बरोबरीच्या विद्यार्थ्यांनी दिलेल्या साथीचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

घर हेच पहिले केंद्र

मराठी समाजाला या विषयाची पहिली ठळक ओळख होते ती डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रातून. गोपाळरावांचे पत्र एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले. ते १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले आणि त्यांनी आपणहून पत्रव्यवहार सुरू केला. १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या तेव्हा त्यांना राहावयास घर होते आणि ‘मावशी’ म्हणावे असे माणूस होते. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या जिद्दीविषयी आपण पुष्कळ वाचतो. त्या जिद्दीला आधार देणाऱ्या घराविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. येथे संघटना नव्हती, शासकीय योजना नव्हती. एका स्त्रीची इच्छा होती. अशा मदतीचे मोल मोठे, पण मर्यादाही स्पष्ट आहे. प्रत्येक मुसाफिराला कार्पेंटरबाई भेटत नाहीत.

फर्ज आणि वसतिगृह

ही मदत नशिबावर न सोडता तिला व्यवस्थेचे रूप देण्याचा प्रयत्न भारतात अलीगढला दिसतो. १८९० मध्ये साहिबजादा आफताब अहमद खान यांच्या पुढाकाराने तेथील विद्यार्थ्यांनी ‘अंजुमन-अल-फर्ज’ स्थापन केली. सुट्टीत विद्यार्थी ठिकठिकाणी हिंडत आणि गरीब सहाध्यायांसाठी वर्गणी गोळा करीत. हे सहाध्यायी परदेशी नव्हते. तरीही नावातला ‘फर्ज’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सहाध्यायाला मदत करणे म्हणजे उपकार नव्हे, ते कर्तव्य आहे, असा त्याचा अर्थ होतो.

त्याच सुमारास, १८९० ते १८९४ या काळात, आपल्या धारवाडला कोल्हापूरचे शाहू महाराज फ्रेझर यांच्या देखरेखीखाली शिकत होते. ते घरापासून दूर होते, पण राजपुत्र असल्याने त्यांच्या दिमतीला शिक्षक आणि नोकरचाकर होते. सामान्य विद्यार्थ्याला यातले काहीच मिळत नाही. पुढे कोल्हापुरात महाराजांच्या आश्रयाने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग (१९०१), मुस्लिम बोर्डिंग (१९०६) अशी वसतिगृहांची मालिका उभी राहिली. परगावाहून आलेल्या मुलाची राहण्या-जेवण्याची सोय हा शिक्षणाचाच भाग आहे, हे त्या वसतिगृहांनी सिद्ध केले.

पुण्यातील एक खिडकी

स्वातंत्र्यानंतर मौलाना अबुल कलाम आझाद यांनी एप्रिल १९५० मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची स्थापना केली. परिषदेच्या शिष्यवृत्त्यांमुळे आशिया-आफ्रिकेतील विद्यार्थ्यांना भारताचे दार उघडले. काही विद्यार्थी स्वखर्चानेही येत. पण शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला महाविद्यालयापर्यंत आणते. वसतिगृहाच्या खोलीत तो आजारी पडला तर काय, याचे उत्तर तिच्यात नसते.

हे उत्तर शोधण्याची सुरुवात पुण्यात एका साध्या प्रसंगातून झाली. डॉ. शां. ब. मुजुमदार हे मूळचे गडहिंग्लजचे, म्हणजे आपल्या सीमाभागातले. ते फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून आतल्या मुलाला काही देत आहे, असे त्यांना दिसले. चौकशी केल्यावर कळले की तो मुलगा मॉरिशसचा आहे, काविळीने अंथरुणाला खिळला आहे आणि ती मुलगी त्याला जेवण देत आहे. शिस्तीच्या दृष्टीने पाहता हा नियमभंग ठरला असता. रेक्टरांना मात्र त्यात वसतिगृहाच्या व्यवस्थेतली उणीव दिसली. परदेशी विद्यार्थ्यांना शहरात आपले म्हणावे असे कोणी असावे, या हेतूने २६ जानेवारी १९७१ रोजी ‘सिंबायोसिस’ची स्थापना झाली. हे नावही वनस्पतिशास्त्रातले आहे. त्याचा अर्थ सहजीवन. आरंभी ते परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे सांस्कृतिक केंद्र होते. विधी महाविद्यालय १९७७ मध्ये निघाले आणि २००२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

ही हकिगत अनेकदा सांगितली गेली आहे. ती सांगताना बहुधा ‘एक मुलगी’ एवढाच उल्लेख येतो. शिक्षक, संस्था, तारीख हे सारे इतिहासात आले. जिने नियम बाजूला ठेवून जेवण पोहोचविले ती बिननावाची राहिली. यात कोणाचा दोष नाही. इतिहास लेखी साधनांवर चालतो आणि स्वयंसेवा करणारा विद्यार्थी मागे कागद ठेवीत नाही. परंतु म्हणूनच शिक्षकाची जबाबदारी वाढते.

युरोपातील अनुभव

युरोपात १९८७ मध्ये ‘इरास्मस’ ही विद्यार्थी-देवाणघेवाण योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी तिच्यात सहभागी झाले. परदेशात एकटे पडल्याचा अनुभव घेऊन परतलेल्या विद्यार्थ्यांनीच पुढे, १९८९ मध्ये, ‘इरास्मस स्टुडंट नेटवर्क’ उभे केले. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना मदत करावी हे त्याचे तत्त्व आहे आणि आज ४०हून अधिक देशांत त्याच्या शाखा आहेत. नव्या पाहुण्याला एक स्थानिक सोबती नेमून देणे ही त्यांची प्रचलित पद्धत. काल ज्याला मदत लागली तोच आज मदत करतो, हे या कार्याच्या टिकून राहण्याचे एक कारण मानावे लागेल.

आपल्यासाठी बोध

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये भारतात ४९,३४८ परदेशी विद्यार्थी होते आणि त्यांची सर्वाधिक संख्या आपल्या कर्नाटकात होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अशा प्रत्येक संस्थेत आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय असावे असे सुचविले आहे. सूचना योग्यच आहे. पण ताप कार्यालयाची वेळ पाहून येत नाही. परदेशी नागरिक म्हणून करावयाची नोंदणी कार्यालय करून देईल. केशवापुरातून बसने धारवाडला जाताना कंडक्टरशी कानडीत काय बोलावे, जेवण कोठे मानवेल, रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हे बरोबरीचा विद्यार्थीच सांगू शकतो.

आपल्या महाविद्यालयात असा विद्यार्थी एखादाच असेल. तरीही दोन गोष्टी विनाखर्च करता येतील. पहिली, तो येण्यापूर्वीच दोन सोबती नेमावेत आणि आपले काम उपकाराचे नसून फर्जाचे आहे, हे त्यांना समजावून सांगावे. दुसरी, वर्षअखेरीस त्या सोबत्यांची नावे आणि अनुभव महाविद्यालयाच्या वार्षिकांकात छापावेत. जुन्या वसतिगृहांचे रेक्टर, खाणावळवाले आणि माजी विद्यार्थी यांच्या आठवणीही वेळीच टिपून घ्याव्यात; ही साधने फार काळ टिकणारी नाहीत.

पुण्यातील त्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलीचे नाव आपण सहसा ऐकत नाही. आपल्या वर्गातील अशा मुलामुलींची नावे लिहून ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.