कळलावी : रानातून परसात

मृगाच्या सरी पडून गेल्या की कोकणात करवंदीच्या जाळीतून एक कोवळा वेल डोके वर काढतो. त्याच्या पानांची टोकेच वळून शेजारच्या फांदीला विळखा घालतात. श्रावणात त्यावर पिवळ्या-तांबड्या ज्वाळा पेटतात. हीच कळलावी. संस्कृतातील अग्निशिखा हे नाव फुलावरून आले. लांगली हे नांगरासारख्या वाकड्या कंदावरून.

मराठी नाव मात्र बाळंतिणीच्या खोलीतले आहे. अडलेल्या स्त्रीस कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप देत, त्यावरून ते पडले. कळ म्हणजे भांडणही. म्हणून हा वेल दारी लावल्यास घरात तंटे होतात, अशी समजूत. वेलाचा यात काय अपराध?

सतराव्या शतकात कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा 'होर्तुस मलाबारिकुस' हा ग्रंथ सिद्ध करविला. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्यात कळलावी 'मेंदोनी' या मलबारी नावाने आली आहे. या कामी इट्टी अच्युतन वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे कोंकणी ब्राह्मण साह्यास होते. १६७५ साली त्यांनी दिलेले कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे. गोमंतकीयांनी ते एकदा अवश्य पाहावे. पुढे १७५३ मध्ये लिनीअसने या वेलास 'ग्लोरिओसा सुपर्बा' म्हटले. त्याने फुलाचा तोरा पाहिला. आपल्या लोकांनी कंदाचे सामर्थ्य ओळखले होते.

ते सामर्थ्य जीवघेणे आहे. कंदात आणि बियांत कॉल्चिसीन हे विष असते. रताळे समजून कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. मुले आणि गुरे असलेल्या घरी तो कुंपणापलीकडेच बरा. हाताळल्यावर हात धुवावेत. घरगुती औषध म्हणून तर त्याला स्पर्शही करू नये.

लावायचाच तर रानातला कंद उपटू नये. टोकाशी असलेला नाजूक डोळा मोडला की कंद वाया जातो, आणि रानही उजाड होते. रोपवाटिकेतून आणावा, किंवा बी पेरून फुलासाठी तीन-चार वर्षे वाट पाहावी. वळवाच्या सुमारास कंद आडवा, दोन-तीन बोटे खोल पुरावा. मुळाशी सावली, शेंड्याला सकाळचे ऊन आणि पाणी न तुंबणारी, पालापाचोळ्याची माती एवढे त्याला पुरते. चढायला मेंदीचे कुंपण चालते. पावसाळा सरला की वेल वाळतो. तेव्हा तो मेला असे समजून खणू नये. पाणी बंद करून जागेवर एक खुंटी रोवून ठेवावी.