अहमदनगरच्या किल्ल्यातील नीतिविचार (१९४२–१९४५)

सत्तामीमांसा, ज्ञानमीमांसा, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र आणि सौंदर्यशास्त्र या तत्त्वज्ञानाच्या प्रमुख शाखा मानल्या जातात. त्यांपैकी नीतिशास्त्र मानवी आचरणाचे मूल्यमापन करते. कृतीची योग्यता परिणामांवरून ठरवावी असे बेंथॅम व मिल यांचा उपयुक्ततावाद सांगतो. कांटच्या मते कर्तव्यबुद्धीने केलेल्या कृतीलाच नैतिक मूल्य असते, तर ॲरिस्टॉटल कृतीपेक्षा कर्त्याच्या शीलाकडे अधिक लक्ष वेधतो. पाठ्यपुस्तकात हे सिद्धान्त एकमेकांपासून अलग दिसतात. प्रत्यक्ष जीवनात ते एकाच प्रसंगी समोर उभे ठाकतात. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्याला हा विचार नवा नव्हे. शके १२१२ मध्ये नेवाशास सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत फलाशारहित स्वधर्माचरणाचे विवेचन आहे. तथापि आधुनिक काळातील या विचाराचे ठळक उदाहरण अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात सापडते.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ‘छोडो भारत’ ठराव संमत झाला. दुसऱ्याच दिवशी पहाटे अटक झालेले काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य या किल्ल्यात आणले गेले. त्यांत अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदींचा समावेश होता. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नेहरूंनी येथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. ग्रंथाच्या आरंभीच बंगालच्या दुष्काळाचा उल्लेख येतो. मार्क्सवादाचे आकर्षण मान्य करूनही साध्याइतकेच साधनही शुद्ध हवे, हा गांधीजींचा आग्रह त्यांना सोडवत नाही. परिणामांचा विचार आणि साधनशुचिता यांतील हा ताण त्यांनी पूर्णपणे मिटवलेला नाही. ग्रंथाचा प्रामाणिकपणा बऱ्याच अंशी त्यातच आहे.

याच काळात नरेंद्र देव वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चा पूसँ यांच्या फ्रेंच अनुवादावरून हिंदी अनुवाद करीत होते. कर्म म्हणजे चेतना आणि चेतनेतून घडणारी कृती, अशी वसुबंधूची भूमिका आहे. म्हणजेच कृतीचे कुशल वा अकुशल असणे प्रामुख्याने तिच्यामागील हेतूवर अवलंबून राहते. कांटशी याचे साम्य वरवरचे मानावे लागेल. कांटचा निकष विवेकाने दिलेल्या सार्वत्रिक नियमाचा आहे, तर बौद्ध विचार चित्ताच्या शुद्धीचा आहे.

हेतूचा हाच प्रश्न किल्ल्यात अत्यंत कठोर रूपात उभा राहिला. १९४३ च्या प्रारंभी आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात गंभीर आजारी पडल्या. सरकारला काही कळवायचे असल्यास ते तत्काळ मुंबईस पाठवू, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचविले. आझादांनी कोणतीही विनंती करण्यास नकार दिला. एप्रिलमध्ये बेगमांच्या निधनाची तार आली. उपयुक्ततावादी हिशेबाने हा नकार समर्थनीय ठरवणे अवघड आहे. एका अर्जाने चळवळीची हानी होण्याजोगी नव्हती, आणि मरणासन्न पत्नीची भेट कदाचित साधली असती. कर्तव्यवादी मात्र असे म्हणेल की, ज्या सत्तेचा अधिकार नाकारला तिच्याकडेच सवलत मागणे हा आत्मविरोध ठरला असता. परंतु या निर्णयाचे मोल ज्या व्यक्तीने चुकवले तिचे मत विचारले गेले नव्हते, ही गोष्ट दोन्ही युक्तिवादांतून निसटते.

आझादांनी ‘गुबार-ए-ख़ातिर’ या १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रसंग्रहात या दिवसांचा वृत्तान्त दिला आहे. दैनंदिन क्रम त्यांनी जराही ढळू दिला नाही. मात्र हा बाह्य शांतपणा म्हणजे अहंकाराने वठवलेली भूमिका होती, असेही ते तेथेच लिहितात. कर्तव्य म्हणून केलेल्या कृतीत अभिमानाचा अंश मिसळला असेल तर तिचे नैतिक मूल्य किती उरते, हा कांटचाच प्रश्न. आपल्या कृतीमागील खरा हेतू कर्त्यालाही निश्चितपणे ठाऊक नसतो, असे कांटने म्हटले होते. आझादांनी येथे स्वतःच्या हेतूची उलटतपासणी केली, पण नकाराचा पश्चात्ताप कोठेही व्यक्त केला नाही.