पाठमोरा नट : जॉक महोनी आणि श्रेयनामावलीचा प्रश्न

चित्रपटाच्या आरंभी येणारी श्रेयनामावली हे इतिहासाचे साधन मानावयाचे, तर त्या साधनात एक मोठी पोकळी आहे हे ध्यानात ठेविले पाहिजे. छपरावरून कोसळणारा देह एकाचा असतो आणि नाव दुसऱ्याचे. मुंबईच्या चित्रव्यवसायात अशा माणसास ‘डुप्लिकेट’ म्हणतात. त्याचा चेहरा दिसू न देणे ही त्याच्या कामाची पहिली अट होय. अमेरिकी नट जॉक महोनी हा ह्या पोकळीतून बाहेर आला, आणि त्याचे कारण केवळ त्याच्या गुणांत शोधून भागत नाही.

‘स्टंट’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी विद्यार्थ्यांच्या बोलीत क्रीडेतील करामत ह्या अर्थी आढळतो. त्याची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. मराठीत तो ‘स्टंटपट’ ह्या जोडशब्दातून परिचित झाला. वाडिया बंधूंच्या ‘हंटरवाली’ (१९३५) ह्या चित्रपटाची नायिका नादिया आपल्या करामती स्वतः करी, आणि नावही तिचेच गाजे. पुढे इंग्रजीप्रमाणे मराठीतही ‘स्टंट’ म्हणजे दिखाऊ चाल असा हिणकस अर्थ रूढ झाला. हाडे मोडून घेणाऱ्यांच्या धंद्याचे नाव असे उथळपणाचे वाचक व्हावे, हा अर्थापकर्ष काहीसा अन्यायाचाच म्हणावयाचा.

महोनीचा जन्म १९१९ साली शिकागो येथे झाला. मूळ नाव जॅक्स जोसेफ ओमहोनी. आयोवा विद्यापीठात खेळाडू म्हणून नाव मिळविल्यावर दुसऱ्या महायुद्धात त्याने मरीन दलात वैमानिकाचे काम केले. ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ डॉन जुआन’ (१९४८) मध्ये एरॉल फ्लिन जिन्यावरून जी विलक्षण झेप घेताना दिसतो, ती वस्तुतः महोनीची आहे. कोलंबिया कंपनीच्या ‘डुरँगो किड’ चित्रमालेत चार्ल्स स्टॅरेटचा नायक मुखवटा बांधून वावरे. ही सोय बदली माणसाच्या मोठ्या उपयोगाची होती. पाठमोरे उभे राहण्याची गरजच उरली नाही. त्याच मालेत महोनीला स्वतःच्या चेहऱ्याने लहानसहान भूमिकाही मिळू लागल्या. मात्र नामावलीत तो कधी जॅक्स ओमहोनी, कधी जॉक ओमहोनी, तर कधी जॅक महोनी असा येतो. सूची करणाऱ्याने हे तीन इसम समजल्यास नवल नाही.

नायकपद त्याला दिले ते दूरचित्रवाणीने. जीन ऑट्रीच्या कंपनीने काढलेली ‘द रेंज रायडर’ ही मालिका १९५१ पासून १९५३ पर्यंत चालली. अर्ध्या तासाचे भाग थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत उरकावयाचे असत. अशा वेळी नायकही तोच आणि करामतीही तोच करणार, हा हिशेब निर्मात्यास परवडणारा होता. महोनी आणि त्याचा तरुण जोडीदार डिक जोन्स हे दोघेही पक्के घोडेस्वार. कॅमेरा आता नायकाच्या तोंडासमोर ठेवता येई, आणि पडणारा माणूस तोच आहे हे प्रेक्षकास दिसे. कलेच्या इतिहासात काटकसरीने अशी कामगिरी पुष्कळदा बजावली आहे.

‘यान्सी डेरिंजर’ (१९५८–५९) ही त्याची दुसरी मालिका यादवी युद्धानंतरच्या न्यू ऑर्लिन्समध्ये घडते. तीत नायकाचा पॉनी जमातीचा सोबती पाहू एक शब्दही न बोलता हातांच्या खुणांनी व्यवहार करतो. भाषाभ्यासकाने ही मालिका एवढ्यासाठी तरी पाहावी. त्यानंतर त्रेचाळिसाव्या वर्षी महोनी टारझन झाला. ‘टारझन गोज टू इंडिया’ (१९६२) चे चित्रण भारतात झाले. त्यात फिरोज खान आणि सिमी गरेवाल हेही होते. पुढील चित्रपटाच्या वेळी थायलंडमध्ये तो आजारी पडून खंगला. १९७३ साली ‘कुंग फू’ मालिकेच्या चित्रणात त्यास पक्षाघाताचा झटका आला.

‘हूपर’ (१९७८) ह्या स्टंटमनांवरील चित्रपटात ‘जॉको’ नावाचा एक वृद्ध स्टंटमन आहे. ही व्यक्तिरेखा महोनीवरून घेतली असे समजले जाते. जॉकोच्या मुलीची भूमिका सॅली फील्ड ह्या अभिनेत्रीने केली आहे. महोनी तिचा सावत्र पिता होता, आणि घरात त्याला ‘जॉको’ म्हणत. महोनी १९८९ साली वारला. बालपणी त्याने आपल्यावर लैंगिक अत्याचार केल्याचे फील्ड ह्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात लिहिले आहे.