अमेरिकेतील प्रसारमाध्यमे व स्त्रीजीवन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील प्रारंभीची वृत्तपत्रे बव्हंशी राजकीय पक्षांच्या आश्रयावर चालत. १८३३ मध्ये न्यूयॉर्क येथे एक सेंट किंमतीचे सन हे दैनिक निघाले आणि पुढे पक्षाश्रयाची जागा हळूहळू जाहिरातींनी घेतली. जाहिरातदाराला मतदारापेक्षा ग्राहक महत्त्वाचा. घरातील दैनंदिन खरेदी स्त्रीच्या हाती असल्याने, राष्ट्रव्यापी मताधिकार मिळण्याच्या कितीतरी आधी ती माध्यमांच्या दृष्टीने मोलाची ठरली. तेथील माध्यमांनी रूढ केलेली स्त्रीची प्रतिमा आणि त्या प्रतिमेविरुद्धचा लढा, या दोहोंचे मूळ येथे आहे.

फिलाडेल्फियाच्या गोडीज लेडीज बुक (१८३०) या मासिकाची संपादिका सेरा जोसेफा हेल (कार्यकाल १८३७–७७) हिने स्त्रीशिक्षणाचा हिरिरीने पुरस्कार केला. मताधिकाराला मात्र तिचा विरोध होता. याउलट सूझन बी. अँथनी व एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी १८६८ मध्ये काढलेले रेव्होल्यूशन हे मताधिकारवादी साप्ताहिक दोन वर्षांतच कर्जात बुडाले व त्यांच्या हातून गेले, सु. १०,००० डॉलरचे कर्ज अँथनीने व्याख्याने देऊन फेडले. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेतील वास्तव्यानंतर लिहिलेल्या ग्रंथात (१८८९) तेथील स्त्रियांच्या स्थितीवर स्वतंत्र प्रकरण आहे. या पिढीच्या कार्याचे समकालीन मराठी चित्रण म्हणून ते आजही वाचनीय आहे.

लिंगभेदामुळे मताधिकार नाकारण्यास मनाई करणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती ऑगस्ट १९२० मध्ये संमत झाली आणि त्यानंतरच्या पहिल्याच अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल २ नोव्हेंबर रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने नभोवाणीवरून सांगितले. नभोवाणीमुळे राजकीय वक्तृत्वाचा बाज पालटला. सभेतील आवेश दिवाणखान्यात कर्कश वाटे. १२ मार्च १९३३ रोजी बँकांच्या संकटावर बोलताना अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी घरगुती संभाषणाचा सूर लावला तो यामुळेच. एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्याच महिन्यात केवळ स्त्री-वार्ताहरांसाठी पत्रकार परिषदा सुरू केल्या. परिणामी, ऐन मंदीत वृत्तपत्रांना स्त्री-वार्ताहर नेमणे वा टिकवणे भाग पडले. अनेक ठरावांपेक्षा ही साधी युक्ती अधिक फलदायी ठरली. दुपारच्या वेळी मात्र साबण-उत्पादकांनी पुरस्कृत केलेल्या कौटुंबिक मालिका चालत. त्यांच्या प्रमुख लेखिकांपैकी अर्ना फिलिप्स हिची गाइडिंग लाइट ही मालिका १९३७ मध्ये नभोवाणीवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ मध्ये संपली.

दूरचित्रवाणी संच १९५० मध्ये सु. ९ टक्के घरांत होते, १९६० मध्ये सु. ८७ टक्के. या नव्या माध्यमात पत्नी व कुटुंब हेही उमेदवाराच्या चारित्र्याचे पुरावे बनले. २३ सप्टेंबर १९५२ रोजी रिचर्ड निक्सन यांनी निधीविषयक आरोपांना उत्तर देताना शेजारी बसलेल्या पत्नीच्या साध्या कापडी कोटाचा दाखला दिला. आय लव्ह लूसी या मालिकेत नायिका गरोदर दाखवली गेली, पण ‘गरोदर’ हा शब्द उच्चारण्यास बंदी होती. तरीही १९ जानेवारी १९५३ च्या प्रसूतीच्या भागाला दुसऱ्या दिवशीच्या आयझनहौअर यांच्या शपथविधीपेक्षा अधिक प्रेक्षक लाभले. १९६० च्या केनेडी-निक्सन वादसभेत श्रोत्यांना निक्सन व प्रेक्षकांना केनेडी विजयी वाटले, असे नेहमी सांगितले जाते. त्याचा आधार मात्र तोकडा आहे.

बेटी फ्रीडन हिने द फेमिनिन मिस्टीक (१९६३) या ग्रंथात स्त्रियांच्या मासिकांवर केलेली टीका परिणामकारक ठरली, कारण ती स्वतः त्या मासिकांची लेखिका होती. ७ सप्टेंबर १९६८ रोजी अटलांटिक सिटी येथील सौंदर्यस्पर्धेविरुद्ध निदर्शने करणाऱ्या स्त्रियांनी कंचुक्या, उंच टाचांचे जोडे आणि अशी मासिके एका पिंपात टाकली. काही जाळल्याचा भक्कम पुरावा नाही; पण ‘कंचुक्या जाळणाऱ्या’ हे वृत्तपत्री विशेषण चळवळीला कायमचे चिकटले. १८ मार्च १९७० रोजी शंभरावर स्त्रियांनी लेडीज होम जर्नलच्या कचेरीत सु. ११ तास ठिय्या दिला. संपादकपदी पुरुष नको, ही मागणी तेव्हा मान्य झाली नाही. ऑगस्टच्या अंकात ८ पानांची पुरवणी तेवढी पदरात पडली.

माध्यमांचा उपयोग विरोधकांनीही तितक्याच कुशलतेने केला. फिलिस श्लाफ्ली हिने स्वतःच्या वार्तापत्राच्या वाचकांतून समान हक्कांच्या घटनादुरुस्तीविरुद्ध (१९७२) संघटना उभारली. अनुमोदनासाठी ३८ राज्ये आवश्यक होती. १९८२ ची मुदत संपली तेव्हा संख्या ३५ वरच अडली होती. वादग्रस्त विषयांत समतोल राखण्याचे प्रक्षेपणसंस्थांवरील १९४९ पासूनचे बंधन १९८७ मध्ये उठले. त्यानंतर रश लिंबॉ याच्यासारख्या नभोवाणी-वक्त्यांनी स्त्रीवाद्यांची उघड हेटाळणी हाच लोकप्रियतेचा एक मार्ग केला.

ऑक्टोबर १९९१ मध्ये न्यायाधीशपदाचे उमेदवार क्लॅरेन्स टॉमस यांच्यावरील लैंगिक छळाच्या आरोपाविषयी ॲनिटा हिल हिची साक्ष दूरचित्रवाणीवरून देशभर दिसली. तिची उलटतपासणी घेणाऱ्या सिनेट समितीचे सर्व १४ सदस्य पुरुष होते. टॉमस यांची नेमणूक ५२ विरुद्ध ४८ मतांनी कायम झाली. पुढील वर्षी ४ स्त्रिया सिनेटवर नव्याने निवडून आल्या. टराना बर्क हिने २००६ पासून वापरात आणलेला ‘मी टू’ हा शब्दप्रयोग ऑक्टोबर २०१७ मध्ये समाजमाध्यमांमुळे काही दिवसांत जगभर पोहोचला. त्याच माध्यमांतून पारंपरिक गृहिणीधर्माचा पुरस्कार करणाऱ्या स्त्रियांनाही मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला आहे.